शेडच्या तिरप्या सळईचा जोड: क्लेव्हिस कसा निवडायचा, ऑर्डर कशी लिहायची

एप्रिल संपत आला की नागपुरात दुपारनंतर आभाळ अचानक काळवंडतं, धूळ उठते, अर्धा तास वारा धिंगाणा घालतो. दुसऱ्या दिवशी पेपरात कुठल्या ना कुठल्या शेडची टिनं उडाल्याचा फोटो असतो. चर्चा होते ती टिन किती गेजचं होतं याची. पण काही फोटोंत टिनं जागेवर असतात आणि अख्खी शेडच एका बाजूला कललेली दिसते. तिथं टिनाचा दोष नसतो. हिंगणा, बुटीबोरी किंवा कळमेश्वरच्या कुठल्याही कारखान्यात भिंतीच्या शेवटच्या दोन खांबांमध्ये तुम्हाला गुणिलेच्या चिन्हासारख्या दोन तिरप्या लोखंडी सळया दिसतील. त्या सळयांच्या टोकाला काय आहे, यावर शेड सरळ राहणार की नाही हे बरंचसं ठरतं. या लेखाचा विषय ते टोक आहे.

सळईचा व्यास इंजिनिअर हिशेब करून ठरवतो. टोकाचा जोड मात्र अनेकदा इतवारीतल्या दुकानात हातात घेऊन, वजन बघून, ‘हा चालेल’ म्हणून उचलला जातो. माझ्या मते शेडच्या कामातली ही सगळ्यात महागडी काटकसर आहे.

## तिरपी सळई करते काय?

दोन खांब आणि वरची तुळई मिळून चौकट होते. चौकट उभा भार छान पेलते, पण बाजूने ढकललं की कलते. कोपऱ्यातून कोपऱ्यात एक सळई ताणून बांधली की कलणं थांबतं, कारण कलण्यासाठी तो कर्ण लांब व्हावा लागतो आणि सळई त्याला लांब होऊ देत नाही.

सळई फक्त ओढ सहन करते. तिला दाबलं तर ती लगेच वाकते, म्हणून दाबाच्या बाबतीत तिचा उपयोग शून्य धरतात. वारा दोन्ही दिशांनी येणार, म्हणून सळया दोन: एका दिशेच्या वाऱ्यात एक काम करते, उलट्या वाऱ्यात दुसरी. एका वेळी एकीवरच सगळा भार असतो, हे पुढच्या हिशेबासाठी लक्षात ठेवा.

## आणि क्लेव्हिस?

संत्र्यांनी भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला कशी जोडतात ते आठवा. ट्रॅक्टरच्या मागं भोकं असलेल्या दोन पट्ट्या, त्यांच्यामध्ये ट्रॉलीच्या दांड्याचं भोक, आणि वरून टाकलेली एक जाड पिन. पिन निसटू नये म्हणून खाली एक छोटी क्लिप. क्लेव्हिस तेच काम करतो.

लोखंडाचा इंग्रजी ‘यू’च्या आकाराचा तुकडा, एका टोकाला आतून आटे पाडलेले, त्यात सळई फिरवून बसते. दुसऱ्या टोकाला भोकं असलेले दोन कान. दोन कानांमधल्या मोकळ्या जागेला जबडा म्हणू. खांबाला वेल्ड केलेली भोकाची जाड पट्टी, म्हणजे गसेट प्लेट, त्या जबड्यात शिरते आणि तिघांच्या आरपार पिन जाते. काही कारागीर याला फोर्क म्हणतात. एवढी नावं पुरेत.

ट्रॉली वळणावर डावी-उजवी वळते तशी सळईही पिनभोवती फिरू शकते, पण एकाच प्रतलात. त्यामुळे गसेट प्लेट सळईच्या रेषेतच वेल्ड केलेली असावी लागते. ती थोडी तिरकी लागली तर ओढ एकाच कानावर येते आणि कान उघडू लागतो. साइटवर हातोड्याने ठोकून पिन बसवावी लागत असेल, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

## मोडतं ते जोडात

१७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात सळयांना टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. मूळ आराखड्यात छतापासून निघालेली एकच लांब सळई वरच्या आणि खालच्या दोन्ही पुलांना धरत होती. बांधणं सोपं जावं म्हणून तिच्या जागी दोन सळया आल्या: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. कागदावर बदल क्षुल्लक दिसतो. पण आता वरच्या पुलाच्या तुळईखालच्या नटावर दोन्ही पुलांचं वजन आलं. नट तुळईतून ओढला गेला. सळई तुटली नव्हती. मूळ आराखड्यातला जोडसुद्धा शहराच्या नियमांना लागणाऱ्या ताकदीच्या जेमतेम ६० टक्के होता, हे चौकशीत निघालं.

आपल्याकडचं उदाहरण ताजं आहे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातेत मोरबीचा झुलता पूल पडला, १३५ जणांचा जीव गेला. विशेष तपास पथकाच्या प्राथमिक अहवालात मुख्य केबलच्या ४९ तारांपैकी २२ तारा आधीच गंजलेल्या होत्या असं म्हटलं होतं. त्याच अहवालात आणखी एक नोंद होती जी कमी वाचली गेली: पुलाला टांगणाऱ्या जुन्या सळयांना नव्या सळया वेल्ड करून जोडल्या होत्या, आणि त्यामुळे त्यांचं वागणं बदललं.

सळईचा पोलाद गिरणीतून तपासून येतो. जोड माणूस करतो, तोही बहुधा मचाणावर उभा राहून. म्हणून चांगल्या रचनेत एक पथ्य पाळतात: जास्तीत जास्त ओढ आली तर आधी सळई ताणली जावी, लांब व्हावी, क्लेव्हिस, पिन, प्लेट आणि वेल्ड तोवर शाबूत राहावेत. सळई लांब होते तेव्हा डोळ्याला दिसतं, ती लोंबू लागते. पिन तुटते तेव्हा सांगून तुटत नाही.

## आधी आकडा: ओढ किती?

हा हिशेब समजण्यापुरता ढोबळ आहे, तुमच्या शेडसाठी नाही. किलोन्यूटन हे भाराचं एकक. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलो वजनाची ओढ.

वाऱ्याच्या भारासाठीचं भारतीय मानक, आयएस ८७५ भाग ३, नागपूरला मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतं, म्हणजे ताशी जवळपास १५८ किलोमीटर. हा दिवसभराचा वारा नव्हे, तीन सेकंदांचा झोत. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणलं की दाब मिळतो: चौरस मीटरला ११६२ न्यूटन, म्हणजे सुमारे ११८ किलो. जमिनीची ठेवण, उंची, भिंतीचा आकार असे गुणक लावून तो कमीजास्त होतो. सोपं व्हावं म्हणून चौरस मीटरला एक किलोन्यूटन धरू.

शेडची आखूड भिंत २० मीटर रुंद आणि ७ मीटर उंच, म्हणजे १४० चौरस मीटर. अर्धा वारा खाली पायात जातो, अर्धा छताच्या पातळीला: ७० किलोन्यूटन. तो दोन लांब भिंतींत वाटला जातो, प्रत्येकीला ३५. तिरपी सळई ४५ अंशांत असेल तर तिच्यावर त्याच्या १.४१ पट येतं, सुमारे ५० किलोन्यूटन. त्याला मानकाप्रमाणे दीडपट करायचं, की ७४. साडेसात टन.

आता सळई. पोलादाच्या रचनेचं मानक आयएस ८०० सांगतं की आटे पाडलेल्या सळईची ताकद आट्यांच्या मुळाशी उरलेल्या क्षेत्रफळावर काढा. वीस मिलिमीटरच्या, म्हणजे एम२० आट्यांच्या सळईत मुळाशी २२५ चौरस मिलिमीटर उरतात. साध्या ई२५० पोलादात ताकद निघते ६६ किलोन्यूटन. अपुरी. एम२४ मध्ये उरतात ३२४, ताकद ९६. चालेल.

एक गोष्ट इथं निसटते. खांबांतलं अंतर कमी असेल आणि सळई जमिनीशी ६० अंशांत उभी चढत असेल, तर त्याच वाऱ्याची ओढ ७४ वरून १०५ वर जाते आणि एम२४ही पुरत नाही. दाराला जागा हवी म्हणून मालक ज्या अरुंद गाळ्यात ब्रेसिंग, म्हणजे या तिरप्या सळया, सरकवायला सांगतात, तिथं हेच होतं.

## क्लेव्हिसचा नंबर आणि सळईचा व्यास

एम२४ सळई ठरली, मग एम२४चा क्लेव्हिस घ्या, झालं. असं वाटतं. पण क्लेव्हिसचा साचा एकच असतो आणि त्यात वेगवेगळ्या व्यासांचे आटे पाडता येतात, ठरावीक मर्यादेपर्यंत. अमेरिकेच्या पोलाद-बांधकाम संस्थेच्या, म्हणजे एआयएससीच्या, मॅन्युअलमध्ये क्लेव्हिसना नंबर असतात, आणि प्रत्येक नंबरापुढं जास्तीत जास्त सळई किती, जास्तीत जास्त पिन किती आणि भार किती हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. आटे तुमच्या सळईचे असले म्हणून बाकीचं अंग तेवढं बळकट आहे असं होत नाही. छोट्या साच्यात मोठे आटे पाडले की आट्यांभोवतीची भिंत पातळ राहते, एवढंच होतं.

तक्त्यातला भार वाचतानाही विचारायला हवं: हा सुरक्षित भार की मोडण्याचा? त्याच एआयएससीच्या जुन्या तक्त्यांत सुरक्षित भार मोडण्याच्या भाराच्या एक पंचमांश होता. नंतरच्या आवृत्त्यांत तो एक तृतीयांश झाला. तोच तुकडा, तोच पोलाद, आकडा दोन. दुकानदार ‘दहा टनाचा आहे’ म्हणतो तेव्हा तो यातला कुठला आकडा सांगतोय, हे बहुधा त्यालाही माहीत नसतं. शिवाय तो भार सगळ्यात मोठी पिन घातली तर मिळणारा असतो. बारीक पिन घातली की तक्ता तुमच्यासाठी नाही.

## पिनचा खेळ

इथं जरा थांबू, कारण चुका इथं होतात आणि हिशेब करणारेही फसतात.

पिन दोन ठिकाणी कापली जाऊ शकते, प्रत्येक कानाच्या कडेला. आपल्या उदाहरणात २४ मिलिमीटरची साध्या पोलादाची पिन घेतली तर कापण्याविरुद्ध तिची ताकद १७८ किलोन्यूटन भरते. लागतात ७४. दुपटीहून जास्त आहे, म्हणून वही मिटली जाते.

पण पिन वाकतेही. मधली प्लेट तिला एका बाजूला ओढते, दोन कान दुसऱ्या बाजूला. प्लेट आणि कान यांच्यात जितकी फट, तितकी ती जास्त वाकते. युरोपच्या मानकात, युरोकोड ३ च्या जोडांच्या भागात, यासाठी सुटसुटीत सूत्र आहे: भार भागिले आठ, गुणिले मधल्या प्लेटची जाडी अधिक फटीच्या चौपट अधिक एका कानाच्या जाडीच्या दुप्पट. फटीला चार पट महत्त्व, हे पाहून घ्या.

प्लेट १२ मिलिमीटर, कान १० मिलिमीटरचे, जबडा १४ चा. दोन्हीकडं एकेक मिलिमीटर फट. वाकवणारा जोर येतो ३३३ किलोन्यूटन-मिलिमीटर. पिनची क्षमता ५०९. छान. आता दुकानात १४ चा जबडा मिळाला नाही, २४ चा मिळाला. प्लेट तीच. फट झाली सहा-सहा मिलिमीटर. जोर गेला ५१८ वर. क्षमता तीच ५०९. पिन नापास, आणि कापण्याच्या हिशेबात ती अजूनही दुप्पट बळकटच दिसतेय.

‘मग वॉशर भरू की!’ हा उपाय साइटवर लगेच सुचतो. वॉशरनं खडखड थांबते, प्लेट मध्यावर राहते. पण भार अजूनही मधल्या १२ मिलिमीटरवरूनच येतो, त्यामुळे वाकवणारं अंतर कमी होत नाही. खरा उपाय म्हणजे प्लेटच्या दोन्ही बाजूंना भोकाभोवती जाड चकत्या वेल्ड करून ती तिथं जाड करणं, किंवा बरोबर जबड्याचा क्लेव्हिस मागवणं, किंवा पिन वरच्या दर्जाच्या पोलादाची घेणं.

भोक पिनपेक्षा फार मोठं नको. एआयएससीचा नेहमीचा नियम एक मिलिमीटरचा आहे. भोक गॅसनं कापलेलं चालत नाही, ड्रिल केलेलंच हवं. कापलेल्या भोकाच्या खरबरीत कडेला पिन एका टेकावर टेकते. पिनच्या जागी बोल्ट घालतात तेव्हा बोल्टचे आटे कानाच्या आत येऊ देऊ नयेत, नाहीतर २४ ची पिन म्हणून घातलेला बोल्ट कापण्याच्या जागी २४ चा उरत नाही.

आणि क्लिप. पिनच्या टोकाची स्प्लिट पिन विसरली जाते. ट्रॉलीवाला ती कधी विसरत नाही.

## सूत आणि मिलिमीटर

लोहाओळीत अजूनही सळई सुतात मागता येते. आठ सूत म्हणजे एक इंच, सहा सूत म्हणजे पाऊण इंच, १९.०५ मिलिमीटर. पाऊण इंची सळईला इंचात दहा आटे, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर २.५४ मिलिमीटर. एम२० चं अंतर २.५. इतकं जवळ की सहा सुताची सळई एम२० च्या क्लेव्हिसमध्ये विनातक्रार फिरत जाते. फिटरला वाटतं बसली. प्रत्यक्षात आट्यांची एकमेकांत शिरण्याची खोली एक तृतीयांशानं कमी असते. ओढ आली की आटे सोलवटून सळई बाहेर येऊ शकते. सैल वाटली तर थांबा, टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवण्याची ही गोष्ट नाही.

सळई आत किती जावी? किमान तिच्या व्यासाइतकी. एम२४ असेल तर २४ मिलिमीटर पूर्ण आटे. चांगल्या क्लेव्हिसला बाजूला बारीक भोक असतं, त्यातून सळईचं टोक दिसलं पाहिजे. जबड्यात डोकावूनही दिसतं. तेवढी आत गेल्यावर बाहेर चेकनट घट्ट करायची, नाहीतर मशीनच्या कंपनांनी सळई हळूहळू फिरते.

लांबी कमीजास्त करण्यासाठी एका टोकाला उजवे आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे ठेवतात. मग सळई एका दिशेनं फिरवली की दोन्ही टोकं एकदम आत येतात. दोन्ही टोकांना उजवेच आटे असतील तर मध्ये टर्नबकल, म्हणजे फिरवला की दोन्हीकडची सळई आत ओढणारा जोड, लागतो. ऑर्डर देताना हे लिहिलं नाही तर दोन्ही उजवे येतात, आणि मग कुणीतरी सळई मधून कापून वेल्ड करतो.

## फोर्ज्ड, ओतीव की वेल्ड केलेला?

तापवून ठोकून साच्यात घडवलेला म्हणजे फोर्ज्ड क्लेव्हिस. ओतीव तुकडा आत पोकळ बुडबुडे लपवू शकतो, आणि ते बाहेरून दिसत नाहीत. तिसरा प्रकार आपल्याकडं सर्रास: नळी किंवा जाड नट घेऊन त्याला दोन पट्ट्या वेल्ड करायच्या. तो वाईटच असतो असं नाही. वेल्डचा हिशेब केला, चांगल्या वेल्डरनं केला आणि नमुना ओढून तपासला, तर चालतो. पण नट जर वरच्या ताकदीचा असेल तर वेल्डच्या उष्णतेनं त्याचा गुण जातो, आणि हे बघणारा सहसा कुणी नसतो. मी निवडत असेन तर ब्रेसिंगला फोर्ज्ड घेईन आणि वेल्ड केलेला दुकानाच्या पुढच्या छज्ज्यालाही नको म्हणेन, कारण छज्जा माणसांच्या डोक्यावर असतो.

## ‘सळईच थेट प्लेटला वेल्ड केली तर?’

हा प्रश्न हमखास येतो, आणि स्वस्त दिसतो. अडचणी तीन. सळई प्लेटच्या एका बाजूला चिकटते, म्हणून ओढ प्लेटच्या मध्यावरून जात नाही आणि प्लेट वळते. नंतर आवळता येत नाही. आणि सळई जर घराच्या स्लॅबमधून उरलेली टीएमटी असेल तर गोष्ट आणखी बिघडते. टीएमटीचा बाहेरचा थर पाण्यानं झटकन थंड करून कडक केलेला असतो, आतला गाभा मऊ असतो. तिच्यावर आटे पाडले की नेमका तो कडक थरच कापला जातो. वेल्ड केलं की तो ऊन होऊन मऊ पडतो. टीएमटी काँक्रीटमध्ये उत्तम. ब्रेसिंगला साधा गोल बारच घ्या.

## किती आवळायचं?

सैल सळई निरुपयोगी, कारण ती ताणली जाईपर्यंत शेड कललेली असते. आयएस ८०० मध्ये ओढीच्या सळयांना सडपातळपणाची, म्हणजे जाडीच्या मानानं लांबी किती असावी याची, मर्यादा आहे. आपली सळई ती कित्येक पटींनी ओलांडते. ही मर्यादा आधीच ताणून बसवलेल्या सळयांना लागू नाही. म्हणजे थोडं आवळणं हा शोभेचा भाग नाही.

पण थोडंच. दहा मीटरची एम२४ सळई, मधला टर्नबकल. लोंबणं गेल्यानंतर टर्नबकलचा एक पूर्ण फेरा दिला की दोन्हीकडून तीन-तीन, म्हणजे सहा मिलिमीटर आत. खांब हलले नाहीत असं धरलं तर सळईत ५४ किलोन्यूटनची ओढ भरते. वाऱ्याची अपेक्षित ओढ होती ५०! एका फेऱ्यात सगळी शिल्लक संपली. प्रत्यक्षात खांब थोडे आत येतात, म्हणून आकडा कमी भरतो, पण मग खांब ओळंब्यात राहत नाहीत. पान्याला पाइप लावून आवळणाऱ्याला थांबवा. लोंबणं गेलं, हातानं हलवल्यावर सळई ताठ लागली, दोन्ही सळया सारख्या ताठ आहेत, पुरे.

नागपूरच्या उन्हाचाही यात हात आहे. सळई आणि सांगाडा दोन्ही सारखे तापले तर काही बिघडत नाही, दोन्ही सारखेच वाढतात. फरक पडतो तो एक उन्हात आणि दुसरं सावलीत असेल तेव्हा. बाहेरच्या बाजूनं लावलेली दहा मीटर सळई सांगाड्यापेक्षा वीस अंशांनी जास्त तापलेली असताना मे महिन्याच्या दुपारी आवळली, तर रात्री ती अडीच मिलिमीटर आखडू पाहते आणि एम२४ मध्ये वीसेक किलोन्यूटन ओढ आपोआप येते. त्यामुळे आवळायचं ते सकाळी लवकर.

## गॅल्व्हनाइझ करावं का?

बाहेर असेल तर हो, किंवा निदान नीट रंग. गरम जस्ताचा थर जाड वस्तूंवर साधारण ८६ मायक्रॉनचा असतो. तो आट्यांवरही चढतो, म्हणून आतले आटे थोडे मोठे पाडावे लागतात. हे ऑर्डरमध्ये आधी सांगितलं नाही तर माल येतो, सळई बसत नाही, आणि मग फिटर टॅप मारून जस्त खरवडून काढतो. जास्त ताकदीच्या सळयांना, बोल्टच्या भाषेत १०.९ दर्जाच्या, गॅल्व्हनाइझिंगपूर्वी ॲसिडमध्ये बुडवल्यानं ठिसूळपणा येऊ शकतो. तिथं उत्पादकाला विचारल्याशिवाय पुढं जाऊ नये.

## ऑर्डरची ओळ

‘क्लेव्हिस, २४ एमएम, ८ नग.’ बहुतेक ऑर्डरी एवढ्याच असतात. आपल्या उदाहरणातली ऑर्डर मी अशी लिहीन: फोर्ज्ड कार्बन पोलादाचा क्लेव्हिस, आटे एम२४ × ३ (३ म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, मिलिमीटरमध्ये), चार नग उजवे आणि चार नग उलटे, उलट्यांवर ओळखीची खूण, जबडा १४ मिलिमीटर, १२ मिलिमीटर प्लेटसाठी, पिन २४ मिलिमीटर, तिच्या पोलादाचा दर्जा, दोन्हीकडं स्प्लिट पिन, पिनसकट जोडाची सुरक्षिततेचा गुणक धरून ताकद किमान १०५ किलोन्यूटन, गरम जस्ताचा थर, आटे त्याप्रमाणे मोठे, चेकनटसह, पोलादाचा हीट नंबर, म्हणजे ते कुठल्या ओतणीतलं आहे त्याचा क्रमांक, असलेलं टेस्ट सर्टिफिकेट.

१०५ का, ७४ का नाही? कारण जोड वाऱ्याच्या भाराशी नव्हे, सळईच्या ताकदीशी तोलायचा. सळईचं पूर्ण अंग ताणलं जायला १०३ लागतात. जोड त्याच्या वर राहिला की आधी सळई बोलेल.

मोठं काम असेल तर दोन-तीन नमुने सळईसकट प्रयोगशाळेत ओढून बघा. सळई आट्यांत किंवा अंगात तुटली तर माल ठीक. क्लेव्हिसचा कान उघडला किंवा पिन वाकली, तर सगळा लॉट परत.

## ‘आमची शेड पंधरा वर्षं उभी आहे’

असेल. मानकातला ४४ मीटरचा वारा कुठल्याही एका वर्षी येण्याची शक्यता दोन टक्के आहे. त्यामुळे पंधरा वर्षांत तो एकदाही न येण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के निघते. शेड टिकली याचा अर्थ तिची परीक्षा झाली असा होत नाही. बहुधा अजून झालेलीच नाही. पन्नास वर्षांत मात्र तो किमान एकदा येण्याची शक्यता ६३ टक्के आहे.

जुनी शेड असेल तर काय बघायचं? सळई लोंबते का. पिनच्या दोन्ही टोकांना क्लिप आहे का. बाजूच्या भोकातून आटे दिसतात का. जबड्यात आणि प्लेटमध्ये बोट जाईल इतकी फट आहे का. पिनभोवती तपकिरी ओघळ आहे का, कारण जबडा वर तोंड करून असला की त्यात पाणी साचतं. एवढं मालकाला शिडी लावून बघता येतं. भेगा मात्र अशा दिसत नाहीत. १९६७ मध्ये अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज पडला, ४६ माणसं गेली. सुरुवात पिनच्या जोडाच्या आत, पट्टीच्या डोळ्यातल्या, म्हणजे पिनच्या भोकाच्या कडेच्या, जेमतेम अडीच मिलिमीटर भेगेनं झाली, आणि जोड सोडवल्याशिवाय ती दिसणंच शक्य नव्हतं. शेडच्या बाबतीत जोड सोडवता येतो. दोन सळयांपैकी एक जागेवर ठेवून दुसरी सोडवा, तेही वारा नसलेल्या दिवशी, पिन पुसून बघा, वाकलेली किंवा घासून पायरी पडलेली असेल तर बदला. हे काम मार्चमध्ये उरकलेलं बरं. एप्रिलच्या मध्यानंतर दुपारी ब्रेसिंगची सळई सोडवायला कुणीही सांगितलं तरी नाही म्हणा.